दहा मीटरचा पट्टा: निफाडच्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

गोदावरीवरच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या पाण्याकाठी, रानातली माती आणि खत पाण्यात जाऊ नये म्हणून, शेतकऱ्यांनी गवताचा दहा मीटर पट्टा राखावा, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही विचारलंत, "माझं रान दोनच एकर. पक्ष्यांसाठी पडीक टाकलं तर घर कशावर चालवू? आणि गाळ तर गोदावरीच आणते!"

तुमचा हिशेब मांडून पाहिला. काठाला शंभर मीटर बांध असेल, तर दहा मीटरचा पट्टा म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. ऐंशी गुंठ्यांतले दहा! सरसकट दहा मीटर म्हणणं ही माझी चूकच.

पाच मीटर गवतानेही जाड गाळ अडतो. काळ्या रानातली बारीक चिकणमाती मात्र बरीचशी निसटते, आणि पाण्यात विरघळलेला खतातला नत्र (नायट्रोजन) अरुंद पट्ट्याला जुमानत नाही. ते पाणी मुळांशी, ओल्या मातीतल्या जिवाणूंपाशी थोडं रेंगाळलं तरच नत्र कमी होतो. म्हणून रानाचं पाणी जिथे ओघळीने उतरतं, तिथे पट्टा रुंद ठेवा. बाकी काठाला दोन-तीन मीटरही चालतील.

आणि हा पट्टा पडीक नाही. मारवेल हे चाऱ्याचं गवत लावलं तर वैरण निघते. ते कापून न्यायलाच हवं, कारण मातीला चिकटून आलेला खतातला स्फुरद (फॉस्फरस) पट्ट्यात साचत जातो आणि पुढे पाण्यात सुटू लागतो. शेजारी द्राक्षबाग असेल तर फवारा उडालेलं गवत लगेच जनावरांपुढे टाकू नका, एवढं सांभाळा.

नदीने वरून आणलेला गाळ तुमच्या पट्ट्याने थांबणार नाही, हे खरं. पण तुमच्या रानातून जाते ती वरची कसदार माती, शेणखत घालून घडवलेली. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत धरणातला गाळ जेसीबीने उपसून, डिझेल जाळून पुन्हा शेतात नेतात. आपली माती आपल्याच बांधावर अडलेली काय वाईट?

राहिला पैसा. अमेरिकेत १९८५ च्या शेती कायद्यापासून अशा पट्ट्यांसाठी सरकार दहा ते पंधरा वर्षांचा करार करून दरसाल भाडं देतं. आपल्याकडे पाणी स्वच्छ राहिल्याचा फायदा सगळ्यांना, तोटा एकट्या काठावाल्याला. जानेवारी २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वर राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हा आम्हा पक्षीप्रेमींना केवढा आनंद झाला होता. काठच्या शेतकऱ्याला भाडं मिळालंच पाहिजे, ही मागणी तेव्हाच करायला हवी होती. ती आज करतो.

पहिल्या मोठ्या पावसात तुमच्या रानातली ओघळ नेमकी कुठून उतरते, तेवढं बघून कळवाल का?