‘१९६२ नंतर नवे काय घडले?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॉइल्ड ट्यूबिंगवरील, म्हणजे तेलविहिरीत सोडण्यासाठी रिळावर गुंडाळलेल्या लांबलचक अखंड पोलादी नळीवरील, माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप नोंदवले आहेत. दुसऱ्या महायुद्धातील ‘प्लूटो’ नळवाहिनीला मी या तंत्राचे मूळ ठरवले, ते चुकीचे आहे. आपल्या सोलापूरकडे बोअरमध्ये मोटार सोडताना वापरतात त्या काळ्या पाइपाच्या गुंडाळीची उपमा फसवी आहे. आणि १९६२ नंतर नळीची फक्त लांबी व जाडी (व्यास) वाढली असताना मी त्याला ‘उत्क्रांती’ म्हटले. पहिले दोन आक्षेप मला मान्य आहेत, तिसरा नाही.

१९४४ मध्ये इंग्लिश खाडीच्या तळाशी इंधन नेण्यासाठी तीन इंची पोलादी नळी प्रचंड तरंगत्या रिळांवर गुंडाळून सोडली गेली, हे खरे. पण ती एकदा सोडायची आणि तशीच ठेवायची होती. दाबाखालच्या विहिरीत नळी ढकलणे आणि परत ओढून काढणे हे काम तिला कधीच करावे लागले नाही. ते काम करणारा इंजेक्टर, म्हणजे विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन साखळ्यांमध्ये नळी पकडणारे यंत्र, कॅलिफोर्निया ऑइल कंपनी आणि बोवेन टूल्स यांच्या १९६२ च्या संचात दिसते. त्याची कल्पना पाणबुडीतून अँटेना वर सोडण्याच्या यंत्रणेशी जुळणारी होती. वंशावळच सांगायची तर प्लूटोपेक्षा ही पाणबुडी जवळची नातलग ठरते, आणि लेखातील ते वाक्य मी दुरुस्त केले आहे.

काळ्या पाइपाबद्दलही आपले खरे आहे. तो वाकतो आणि बव्हंशी पूर्ववत होतो. पोलादी नळी प्रत्येक वेळी कायमची वाकते आणि बळाने सरळ केली जाते. सव्वा इंच व्यासाची नळी ७२ इंच त्रिज्येच्या गूजनेकवरून, म्हणजे इंजेक्टरच्या डोक्यावरील कमानीवरून, जाते तेव्हा तिची बाहेरची बाजू सुमारे ०.८७ टक्क्याने लांबते. ८० हजार पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ताण सोसणारे पोलाद मात्र ०.२७ टक्क्याच्या आसपासच आपली लवचीकता सोडून देते. रिळावरून सुटताना एक, कमानीवर दुसरा, इंजेक्टरपाशी सरळ होताना तिसरा आणि वर येताना हेच तीन उलट क्रमाने, असे एका फेरीत सहा आघात होतात. त्यातच नळीत दाब असेल तर ती फुगते, भिंत पातळ होते आणि धातूचा थकवा, म्हणजे वारंवार वाकून येणारी कमजोरी, झपाट्याने वाढतो.

आपल्या तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर याच हिशेबात आहे. त्याच कमानीवर दोन इंची नळी वाकवली तर हे लांबणे १.३९ टक्क्यांवर जाते, म्हणजे नळी जाड करताच तिचे आयुष्य घटते. लांबीचेही तसेच, कारण ती जोडांनी वाढत होती. १९६२ ची १५,००० फुटांची नळी ५० फुटांचे तुकडे टोकाला टोक लावून वेल्ड केलेली होती. म्हणजे जवळपास ३०० जोड, आणि त्यांतला प्रत्येक जोड हा मोडण्याची संभाव्य जागा. सुरुवातीच्या वर्षांत या तंत्राची जी बदनामी झाली, तिचे एक मोठे कारण हे जोड होते. पुढे १९८० च्या दशकात ३,००० फूट लांबीच्या पोलादी पट्ट्या वापरात आल्या आणि जोडांची संख्या घटली.

त्यानंतरचा बदल मला सर्वांत सुंदर वाटतो. पट्टीची टोके ४५ अंशांत तिरकी कापून, नळी वळण्याआधीच ती जोडायची. मग पट्टीची नळी होताना तो जोड नळीभोवती मळसूत्रासारखा पसरतो आणि वाकण्याचा ताण एकाच आडव्या रेषेवर येत नाही. गोटासाठी उरेब पट्टी लावणारे आपल्याकडचे शिंपीही पट्ट्या तिरक्याच जोडतात, म्हणजे जाडी एका जागी साचत नाही आणि शिवण फुगत नाही. पोलादाच्या कारखान्याला हे सुचायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला, याची मला थोडी गंमत वाटते.

मोजणीही बदलली. पूर्वी नळी एकूण किती फूट धावली याची नोंद ठेवून तिला निवृत्त करत. आता तिच्या प्रत्येक भागाने किती वाक आणि कोणत्या दाबाखाली सोसले, याचा हिशेब संगणक ठेवतो. त्यामुळे एखादा थकलेला भाग वेळीच कापून उरलेली नळी वापरता येते. लांबी आणि जाडी वाढली हे आपले निरीक्षण बरोबर आहे. पण जोड आणि थकव्याचा प्रश्न सुटल्याशिवाय ती वाढू शकली नसती, आणि मी ‘उत्क्रांती’ हा शब्द त्यासाठीच वापरला होता.