विठ्ठलाला कामाला लावण्याची रीत

आषाढी तोंडावर आली, म्हणजे तुमची श्रद्धा जागी झालीच असणार. जागी आहे तोवर तिचा नीट उपयोग करून घ्या. देवापुढे जबाबदारीने वागायचं म्हणजे काय, याचा लोक उगाच घोळ घालतात. जबाबदारी त्याची, प्रसाद आपला. यात अवघड काय आहे?

सकाळच्या प्रार्थनेपासून सुरुवात करा. हात जोडले की थेट यादी वाचायला घ्या. मुलाची ॲडमिशन, फ्लॅटचा रखडलेला ताबा, जमलंच तर धाकट्या भावजयीची थोडी जिरवणं. मुलगा अभ्यासाला बसतो की नाही हे पांडुरंग बघेल, त्याच्या कामात आपण लुडबुड करू नये. एवढ्यात भांडी घासणाऱ्या मावशी गेल्या महिन्याचे पैसे मागायला दारात उभ्या राहिल्या तर डोळे उघडू नका. स्तोत्र जरा लांबवा. मावशींची पुढची दोन घरं व्हायची असतात, त्या कंटाळून जातात. देव कुठे जातोय?

उपवास मात्र कडक करा. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याचे गोड काप आणि रात्री झोप यावी म्हणून मसाला दूध. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्याचा हिशेब कच्चा होता. याच पंढरपुरात मे १९४७ मध्ये साने गुरुजी उपवासाला बसले, पण त्यांचा कित्ता गिरवू नका. दहा दिवस पोटात अन्न नाही, आणि मागणं काय, तर अस्पृश्यांनाही विठ्ठलाच्या देवळात येऊ द्या. स्वतःसाठी काहीच नाही! उपवास असा वाया घालवायचा नसतो.

वारी एक दिवसाची पुरे. दिवे घाटात जिथून फोटो चांगला येतो तेवढाच टप्पा चाला. शेजारच्या वारकऱ्याचा टाळ ‘दोन मिनिटं द्या हो माउली’ म्हणून मागून घ्या. तिथे लहानथोर, जातपात न बघता सगळे एकमेकांच्या पाया पडतात. तुम्हीही खुशाल पडा, धोका नाही. ती माणसं संध्याकाळी सासवडला पोचलेली असतात. सोसायटीच्या वॉचमनपर्यंत मात्र ही सवय नेऊ नका. आणि गळ्यात माळ? छे. माळकऱ्याला खोटं बोलता येत नाही, दुसऱ्याच्या पैशाला हात लावता येत नाही, दारू-मटण तर संपलंच. तुळशीची माळ गाडीच्या आरशाला लटकवा, गाडीला नियम लागू नाहीत.

आता दर्शन. बारी पार गोपाळपूरपर्यंत गेलेली असते. मराठवाड्यातली म्हातारी माणसं डोक्यावरचं बोचकं पायाशी ठेवून रात्रभर उभी असतात, बोचकं पायानेच इंचभर पुढे सरकवतात. ती भाविक आहेत, त्यांना सवय आहे. तुम्ही ओळखीच्या साहेबांना फोन लावा. संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी महाद्वाराची पायरी मागून घेतली, चोखोबांची समाधीही तिच्यासमोर, देवळाबाहेरच. तुमची जागा मात्र थेट गाभाऱ्यात. पायांवर डोकं टेकवा आणि यादी पुन्हा एकदा म्हणा, सकाळी त्याचं लक्ष नसेल.

चंद्रभागेत बुडी मारल्यावर ओले कपडे, द्रोण, बाटल्या तिथेच सोडा. पापं सोडली, मग एवढ्याने काय होतंय? गाडगेबाबा हातात खराटा घेऊन हे वाळवंट झाडायचे, यात्रेकरूंसाठी त्यांनी धर्मशाळा बांधल्या, देवळात मात्र फारसे रमले नाहीत. १९५६ साली ते गेले. तरी तुम्ही टाकत राहा, कुणीतरी झाडतंच.

एखादा आगाऊ माणूस अरणच्या सावता माळ्याचा दाखला देईल. म्हणे त्याने मळ्यातलं काम सोडलं नाही, शेवटी विठ्ठलच त्याला भेटायला गेला. तसं आपल्याबाबतीत न झालेलं बरं. आपण ऑफिसात जागेवर नसतो.

राहता राहिला पुंडलिक. त्याचं देऊळ नदीच्या पात्रातच आहे आणि रिवाजाप्रमाणे आधी त्याचं दर्शन, मग विठोबाचं. मी म्हणेन, टाळलंत तर बरं. हा आई-बापाचे पाय चेपत बसला होता, देव दारात आला तर उठलासुद्धा नाही; वीट भिरकावली आणि ‘थांब तिच्यावर’ म्हणाला. अशा माणसापुढे आपण काय बोलणार? तुमच्या आईचे गुडघे गेलेत, ‘गर्दी तुला झेपायची नाही’ असं सांगून तुम्ही तिला टीव्हीवर थेट दर्शन लावून दिलंय, गोळ्या कपाटात वरच्या फळीवर राहिल्यात. त्याबद्दलच तिचा फोन येत असेल. कट करा आणि मेसेज टाका: ‘दर्शनाला उभा आहे, नंतर बोलतो.’