आजी निवडून घ्या

जुना दागिना घ्यायचा तर आधी आजी निवडा. सोनं, मोती, घडण नंतर बघता येतं. विकणाऱ्याकडे दोन-तीन आज्या कायम तयार असतात: सदाशिव पेठेतली, इनामदारांच्या वाड्यातली, आणि जरा जास्त मोजायची तयारी असेल तर ‘घराण्याचं नाव सांगता येणार नाही’ अशी राजवाड्यातली. ही शेवटची घ्या. नावच नसल्यामुळे तिची चौकशी करता येत नाही. तनमणी तिघींचा एकच असतो, भाव तेवढा आजीप्रमाणे बदलतो.

पावती दाखवली तर भक्तिभावाने बघा, वाचू मात्र नका. १९५२ च्या पावतीवर आणे-पै कुठेच नसून ‘७५ पैसे’ लिहिलेले असतील, तर १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येणार हे त्या सराफाला आधीच कळलं होतं, असं समजा. वजनही तोळा-मासा-गुंजांऐवजी ग्रॅममध्ये? मखमली डबीवर पेढीच्या पत्त्यापुढे सहा आकडी पिनकोड? तो पोस्टाने सुरू केला १९७२ मध्ये. आपली जुनी माणसं दूरदृष्टीची होती, हे आपण उगाच म्हणत नाही.

सोन्याचा कस विचारणं असभ्य आहे. ‘१९६४ चं, अस्सल बावीस कॅरेट’ असं कोणी म्हणालं की फक्त मान डोलवा. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरेटपेक्षा चोख सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी केली. हजारो सोनारांची भट्टी त्यात विझली, आणि ती बंदी उठायला १९६६ उजाडलं. म्हणजे बहुधा साल तरी चुकलंय, नाहीतर दागिना चोरून घडवलाय. अर्थात चोरून घडवणारेही होतेच, त्यामुळे विकणारा खरं बोलत असण्याची शक्यता राहते. चौदा कॅरेटचा फिकट दागिना समोर आला तर मात्र नाक मुरडून परत करा. त्या तीन-चार वर्षांची याहून प्रामाणिक खूण सापडणं कठीण, पण लग्नात तो उठून दिसत नाही. आणि आतल्या बाजूला ‘९१६’ व हॉलमार्कचा त्रिकोण असेल, तर ‘तेव्हाच मारून घेतला होता’ हे उत्तर पुरेसं माना. आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू झालं, एवढ्यासाठी कशाला वाद घालायचा?

मोत्यांची पारख घरच्या घरी करा: दातावर घासा. खरखर लागली की मोठ्याने ‘बसरा!’ म्हणा, म्हणजे आखातातला नैसर्गिक मोती. ही कसोटी इतकी उदार आहे की तीत आखाताच्या समुद्रातला मोती पास होतो, जपानी शेतीतला होतो आणि चिनी तळ्यातलाही होतो. नापास होतो तो फक्त काचेचा. भिंग घेऊन भोकात डोकावू नका. आत शिंपल्याचा गोल मणी आणि त्यावरच्या मोत्याच्या थराची काळपट रेघ दिसली तर मूड जातो. एक्स-रेचं नाव तर काढूच नका, त्यात नैसर्गिक आणि संवर्धित, म्हणजे शेतीतला, हा फरक कळून येतो. जपानच्या मिकिमोटोने अर्धगोल मोती पिकवला १८९३ मध्ये, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच जपानी मोत्याने आखाताचा बाजार बसवला होता. तेव्हा १९५० च्या नथीतला मोती जपानी निघाला तर त्यात आजीची काही फसवेगिरी नाही. तिने तो जपानी म्हणूनच, परवडला म्हणून घेतला असेल. बसरा तो हल्ली झाला.

माणकांचंही तसंच. ‘दागिना जुना म्हणजे खडा खाणीतला’ हे सूत्र घट्ट धरा. व्हर्नुई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने भट्टीतलं माणिक १९०२ मध्येच जाहीर केलं होतं, त्यामुळे चिंचपेटी खरोखर जुनी आणि तिचं माणिक खरोखर भट्टीतलं, असं सुखाने घडू शकतं. भिंगाखाली वक्र रेषा आणि बुडबुडे दिसले की भिंग पुसून ठेवून द्या. कुड्यांत अमेरिकन डायमंड चमकत असतील तर ते १९५५ चे कसे, हा प्रश्न पडू देऊ नका. ते बाजारात आले सत्तरच्या दशकात.

जुनेपणा ओळखायचा तो काळेपणावरून. खाचाखाचांत एकसारखा काळा रंग बसलाय, म्हणजे तीन पिढ्यांनी अगदी समान घाम गाळला. खरं तर वापरलेला दागिना झिजतो तो कड्यांत, फाशांत, फिरकीच्या आट्यांत. नक्षीवर काळं आणि कडी कोरी करकरीत असेल तर रसायनाचं काम समजावं. पण ‘अँटिक फिनिश’ हा शब्द इतका खानदानी आहे की त्यापुढे कडीकडे कोण बघतो?

हे सगळं बाहेरच्या दागिन्यांचं झालं. तुमच्या स्वतःच्या कपाटात आजीची आत लाख भरलेली बांगड्यांची जोड, वेडीवाकडी नथ, मोत्यांचा पिवळा पडलेला तनमणी असेल, तर नियम सोपा: मोडीत घाला. घडणावळीवर सूट चालू असेल तर आजच. सराफ लाख जाळेल, घट वजा करील, उरलेल्या सोन्याची मशीनवर बनवलेली चेन देईल. खडे-मोती कागदाच्या पुडीत बांधून तो विचारेल, ‘ताई, यांचं काय करू?’

‘राहू द्या तुमच्याकडेच,’ म्हणा. त्यालाही राजवाड्यातल्या आजीसाठी काहीतरी लागतंच.