दाखवलेल्या ओळीतच चूक असते? दर वेळी नाही

नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या क्लासवाल्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सार असं: फंक्शन कॉल करताना (म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा त्या नावाने चालवताना) सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमांची चूक, आली तर दाखवलेली ओळ पुसून नव्याने लिहा, कंस घातले की कुठल्याही स्क्रिप्टिंग भाषेत कॉल चालतो, एरर नाही म्हणजे कॉल बरोबर, आणि तरीही अडलं तर पायथन (क्लासमध्ये शिकवतात ती प्रोग्रॅमिंग भाषा) काढून पुन्हा टाका.

आधी ओळीचं बघू. लासलगावच्या कांद्याच्या भावांची सरासरी काढणारी स्क्रिप्ट आहे. पाचव्या ओळीत ‘एकूण = बेरीज(भाव’ लिहिलं आणि शेवटचा कंस राहिला. सहाव्या ओळीत ‘सरासरी = एकूण / नग’. (पायथन ३ मध्ये अशी देवनागरी नावं खरंच चालतात, आकडे मात्र इंग्रजीच लागतात.) पायथन ३.८ इथे सहाव्या ओळीवर बोट ठेवून नुसतं ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ म्हणतं. कंस उघडा असेपर्यंत त्याच्या लेखी वाक्य संपलेलंच नसतं, म्हणून ते खालच्या ओळीत शिरतं आणि तिथे अडखळतं. सहावी ओळ कितीही वेळा पुसा, ती मुळात बरोबरच आहे. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० पासून बहुतेक वेळा उघड्या कंसाची ओळच दाखवली जाते, तेवढ्यापुरता मेसेज खरा. लॅबमधल्या पीसीवर जुनी आवृत्ती असेल तर आधी वरची ओळ वाचा.

कंसाचा सल्ला तर सरळ अडचणीत टाकणारा. बॅशमध्ये (लिनक्सवर कमांड चालवणारी भाषा) फंक्शनचं नाव, मग जागा सोडून किमती, म्हणजे फंक्शनला द्यायची मूल्यं, एवढंच लिहायचं असतं. तिथे कंस घातला की तोच सिंटॅक्स एरर देतो. पॉवरशेलमध्ये (विंडोजची तशीच भाषा) प्रकार आणखी वाईट. कंसात स्वल्पविराम देऊन दोन किमती पाठवल्या तर त्या एकाच यादीत बांधून पहिल्या पॅरामीटरला (फंक्शनमधली किंमत घेणारी जागा) जातात आणि दुसरा रिकामा राहतो. सिंटॅक्स एरर येतच नाही, उत्तर तेवढं विचित्र येतं. स्ट्रिक्ट मोड (कडक तपासणी) २.० किंवा त्यापुढचा लावला असेल तर असा कॉल पकडला जातो.

यातच तिसऱ्या दाव्याचं उत्तर आलं. पायथनमध्ये कंस न लावता नुसतं फंक्शनचं नाव लिहिलं तरी ओळ गुपचूप पुढे जाते, फंक्शन मात्र चालतच नाही. फाइल बंद करायच्या ओळीत हे हमखास होतं. किमती कमी पडल्या तर येते ती टाइप एरर, म्हणजे सिंटॅक्सपेक्षा वेगळी चूक, तीही स्क्रिप्ट चालता चालता त्या ओळीपर्यंत पोचल्यावर. आणखी एक फरक पोरांना कुणी सांगत नाही. पायथन आधी सगळी फाइल वाचतं, त्यामुळे तळाशी सिंटॅक्स एरर असेल तर पहिली ओळसुद्धा चालत नाही. बॅश मात्र वाचत वाचत चालवत जातो. विसाव्या ओळीला अडला तोवर वरच्या ओळींनी फाइली पुसलेल्याही असू शकतात!

पुन्हा इन्स्टॉल करून व्याकरण बदलत नाही. आवृत्तीमुळे एरर येते हे खरं: पायथन २ मध्ये प्रिंट कंसाविना चालायचं, २००८ च्या ३.० पासून ते फंक्शन झालं. पण तिथेही उपाय कंस लावणं हाच. मेसेजमधून किंवा वर्डमधून कॉल कॉपी केला असेल तर अवतरणचिन्हं नीट बघा. वळणदार असतील तर पायथन ती स्वीकारत नाही. पुसून एडिटरमध्येच सरळ चिन्हं टाइप करा, इन्स्टॉलरला हात लावायची गरज नाही.