पैसा सरकारचा, भरती ठेकेदाराची

आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच वाद झाला. मी तीनदा उत्तर टाइप केलं आणि तीनदा खोडलं. ग्रुपवर चकली-चिवड्याच्या ऑर्डरी चालल्या होत्या, त्यात कशाला मिठाचा खडा टाकायचा. म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

वाद असा की ट्रम्पने सरकारी कंत्राटदारांवरचं 'ते रिझर्व्हेशन' काढून टाकलं हे झ्याक झालं, आता आपल्या पोरांना मेरिटवर नोकऱ्या मिळतील. लिहिणारे काका सज्जन आहेत. माझ्या लेकीला त्यांनी दोन वर्षं फुकट गणित शिकवलंय. पण नेमकं काय काढलं आणि ते कुणाच्या उपयोगाचं होतं, हे त्यांना ठाऊक नाही.

मला ठाऊक आहे, कारण माझं पोट त्यावरच होतं. मी व्हर्जिनियात एका मध्यम कंपनीत एचआरमध्ये आहे. कंपनीचं निम्म्याहून जास्त काम केंद्र सरकारचं. दर हिवाळ्यात माझ्या टेबलावर एक जाडजूड फाइल तयार व्हायची. वर्षभरात किती जणांनी अर्ज केले, किती जणांना फोन गेला, किती आत आले, कुणाला काय पगार, आणि हे सगळं स्त्री-पुरुष, वंश असं फोडून. २०२५ च्या २२ जानेवारीला ऑफिसला गेले तर वरिष्ठ म्हणाले, यंदा फाइल थांबव. आदल्या दिवशी सही झाली होती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी २४ सप्टेंबर १९६५ ला काढलेला आदेश क्रमांक ११२४६ रद्द. साठ वर्षं पुरी व्हायला आठ महिने कमी.

त्या आदेशाचं म्हणणं साधं होतं. तुम्ही सरकारला माल विकता, सरकारच्या इमारती बांधता, सरकारचं सॉफ्टवेअर लिहिता, म्हणजे तुमच्या पगारात करदात्याचा पैसा आहे. करदात्यांत काळे आहेत, बायका आहेत, तुमच्या-आमच्यासारखे बाहेरून आलेलेही आहेत. मग त्यांच्याच पैशाने चाललेल्या दारावर त्यांना 'तुम्ही नको' म्हणता येणार नाही. कंत्राट दहा हजार डॉलरच्या वर गेलं की ही अट लागू. पन्नास माणसं आणि पन्नास हजारांचं कंत्राट असेल तर वर लेखी आराखडाही करायचा. तोच आमचा 'अफर्मेटिव्ह ॲक्शन प्लॅन'. त्यात उद्दिष्टं असत, कोटा नसे. कोटा ठेवायचा नाही असं नियमांतच स्पष्ट लिहिलेलं होतं. आपण मात्र हा शब्द ऐकला की लगेच मंडल आयोग आठवतो.

काका, तुमच्यासाठी एक प्रकरण. २०१६ मध्ये कामगार खात्याच्या, हा आदेश पाळला जातो का ते बघणाऱ्या विभागाने पॅलंटिअर या कंपनीवर दावा लावला. सरकारचा आरोप असा होता की टेस्टिंग इंजिनिअरच्या एका पदासाठी ७३० हून जास्त पात्र अर्ज आले, त्यातले साधारण ७७ टक्के आशियाई. नेमले सात, त्यात आशियाई एक. आशियाई उमेदवार बायोडेटा आणि फोन-मुलाखतीतच गळत होते, आणि बरीच भरती 'आमच्या ओळखीचा आहे' या वाटेने होत होती. कंपनीने आरोप नाकारले, पण २०१७ मध्ये साधारण १६ लाख ६० हजार डॉलर देऊन तडजोड केली. टेस्टिंग इंजिनिअर, आशियाई. पुण्याच्या कुठल्याही सोसायटीत जिन्यात उभं राहून हाक मारा, चौघे बाहेर येतील. तर ज्याला तुम्ही 'त्यांचं रिझर्व्हेशन' म्हणता, ते तुमच्या भाच्याच्याही कामाचं होतं.

आणि यातली मेख मेरिटवाल्यांच्या लक्षात येत नाही. भेदभावाविरुद्धचा १९६४ चा कायदा आजही आहे, तो कुणी काढलेला नाही. पण त्याचं चाक बहुतेक वेळा फिरतं ते तक्रारीवर. ज्याला नोकरी मिळाली नाही त्याने तक्रार करायची. आता मला सांगा, ज्याचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळला त्याला कळणार कसं? त्याला एक ईमेल येतं, तुमच्या आवडीबद्दल आभार, वगैरे. तो म्हणतो आपलंच काही कमी पडलं असेल. सातशेतून कोण गळलं हे फक्त फाइलला कळतं. आणि या आदेशाखाली सरकार कुणाच्या तक्रारीची वाट न बघता येऊन ती फाइल उघडू शकत होतं.

फाइल काय सांगते त्याचा एक नमुना देते. आकडेमोडीचा एक ढोबळ ठोकताळा आहे, चार-पंचमांशाचा. समजा शंभर पुरुषांनी अर्ज केले, वीस घेतले. शंभर बायकांनी केले, दहा घेतल्या. विसाचे चार-पंचमांश सोळा. दहा त्याहून खाली, म्हणजे घंटा वाजली. घंटा वाजली म्हणजे गुन्हा झाला असं नाही, कारण शोधा एवढंच. आमच्याकडे एका वर्षी फील्ड टेक्निशियनच्या पदावर ही घंटा वाजली. बायका सगळ्या एकाच ठिकाणी अडकत होत्या. जाहिरातीत ओळ होती, '७५ पौंड वजन उचलता आलं पाहिजे.' ७५ पौंड म्हणजे ३४ किलो. मी गोदामात गेले आणि मॅनेजरला विचारलं, इथे ३४ किलोचं काय आहे? त्याने डोकं खाजवलं. आम्ही दोघांनी मिळून खोकी काट्यावर ठेवली. सगळ्यात जड खोकं भरलं सव्वीस पौंड. मग ही ओळ आली कुठून? कुठल्याशा जुन्या जाहिरातीतून. कोणीतरी उचलली, पुढच्याने चिकटवली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ओळ काढली. पुढच्या वर्षी दोघी जणी लागल्या, त्यातली एक आज त्या मॅनेजरच्या जागेवर आहे. (माझी आजी मिरजेत डोक्यावर हंडा नि कडेवर मामा घेऊन चढ चढायची, तिला ७५ पौंडांची कौतुकं कोण सांगणार.)

ही फाइल नसती तर कोणी खोकं काट्यावर ठेवलं नसतं.

आता दुसरी बाजू. सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. पंधरा वर्षांत कितीतरी कागद मी केवळ तपासणी आली तर असावा म्हणून केला. सल्लागार कंपन्या गुबगुबीत झाल्या. आणि वंशाच्या त्या चौकटी! 'एशियन' या एका चौकटीत जपानपासून जतपर्यंत सगळे. जात तर कुठल्याच चौकटीत नाही. आपल्याच एखाद्या टीम लीडने आडनाव बघून माणूस बाजूला ठेवला तर माझ्या फाइलमध्ये एक एशियन जाऊन दुसरा एशियन आला एवढंच दिसणार. घंटा वाजणारच नाही. हे मी मीटिंगमध्ये एकदा बोलले होते. समोरच्यांनी मान डोलावली आणि पुढचा मुद्दा घेतला.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. एवढी मोठी गोष्ट साठ वर्षं एका सहीवर उभी होती. इतिहासही तसाच. १९४१ मध्ये युद्धाचे कारखाने जोरात होते आणि काळ्यांना तिथे घेत नव्हते. रेल्वेच्या डब्यांत हमाली-चाकरी करणाऱ्या काळ्या कामगारांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना सांगितलं, एक जुलैला लाखभर माणसं घेऊन वॉशिंग्टनला येतो. २५ जूनला रूझवेल्टनी आदेश काढला, संरक्षण उद्योगात भेदभाव चालणार नाही. मोर्चा स्थगित. नंतर १९६१ मध्ये केनेडींचा आदेश, १९६५ मध्ये जॉन्सनचा, १९६७ मध्ये त्यात स्त्रियांची भर. रिपब्लिकन निक्सनने तर १९६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या बांधकाम ठेकेदारांना उद्दिष्टं लावून दिली, कारण तिथे लोखंडकाम, प्लंबिंग असल्या धंद्यांच्या युनियनमध्ये बापामागून मुलगा अशी गादी चालायची. या सगळ्या सह्याच. सहीने आलेलं सहीने गेलं. अपंगांसाठीची कंत्राटदारांवरची अट १९७३ ची, माजी सैनिकांची १९७४ ची. त्या संसदेने कायदा करून घातल्या होत्या, म्हणून अजून जागच्या जागी आहेत. माझी आता उरलेली फाइल त्या दोघांची. बारीक झालीय.

हे सगळं आठवायचं दुसरं कारण माझी मामेबहीण. ती सांगली जिल्ह्यात एका सरकारी रुग्णालयात डेटा एंट्रीला आहे. 'सरकारी रुग्णालयात' असं मामी सांगते. ऑर्डर एजन्सीची, अकरा महिन्यांची, मग एक ब्रेक, मग पुन्हा अकरा. खुर्ची सरकारची, कॉम्प्युटर सरकारचा, रजिस्टरवर शिक्का सरकारचा. मुलाखत मात्र एजन्सीच्या माणसाने घेतली, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. पहिला प्रश्न, लग्न झालंय का? दुसरा, मूल? तिने सांगितलं, नाही अजून. मग म्हणाला, 'लगेच सुट्टी मागायची नाही हं.' पुढे दिवस राहिले तेव्हा पुढची ऑर्डर आलीच नाही. मोठ्या साहेबांकडे गेली तर ते म्हणाले तुम्ही एजन्सीच्या. एजन्सीत गेली तर, 'मॅडम, वरून जागाच कमी झाल्या.' बाळ आठ महिन्यांचं झाल्यावर दुसऱ्या एजन्सीतून पुन्हा त्याच खुर्चीत बसली. तीच खुर्ची, तीच!

सरकारने तिला थेट घेतलं असतं तर जाहिरात निघाली असती, आरक्षण लागलं असतं, अपंगांच्या चार टक्के जागा बघाव्या लागल्या असत्या, मुलाखतीत 'मूल आहे का' विचारलं तर बोंब मारता आली असती. मध्ये एजन्सी आली की हे सगळं फाटकाशीच थांबतं. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने नऊ एजन्सींमार्फत पदं भरायचा जीआर काढला होता, आठवत असेल. पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरमध्ये जीआर रद्द झाला. कोणत्या सरकारने सुरू केलं, कोणी वाढवलं यावर महिनाभर भांडण झालं. पण आधीपासून एजन्सीतून लागलेले सफाईवाले, सुरक्षारक्षक, डेटा एंट्रीवाल्या होत्या तिथेच राहिल्या. त्यांच्या भरतीत कुणाला का डावललं हे विचारणारी फाइल कुठेच नाही.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात केंद्रीय बांधकाम खात्याच्या कंत्राटांत अस्पृश्यांना शिरकाव नाही ही तक्रार मांडलेली आहे. रँडॉल्फच्या मोर्च्याच्या इशाऱ्यानंतर एका वर्षाने. म्हणजे सरकारचा पैसा ठेकेदाराच्या हातात गेला की न्याय तिथे संपतो, हे त्यांना ऐंशी वर्षांपूर्वी दिसत होतं.

'ठेकेदार खाजगी, सरकार त्याला कसं सांगणार' असं म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात सरळ लिहिलं होतं की ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत गेला, पण ही तरतूद तिथेही आहे. म्हणजे पगाराच्या बाबतीत ठेकेदाराला ओलांडून सरकारपर्यंत हात पोचतो. मग भरतीच्या बाबतीत का पोचू नये? टेंडरमध्ये ईएमडी म्हणजे अनामत किती, टर्नओव्हर किती, जीएसटी नंबर, अनुभवाचे दाखले, सतराशे साठ अटी घालता येतात. त्यात अजून एक घाला. किती अर्ज आले, कुणाचे आले, कुणाला घेतलं, बाळंतपणानंतर किती जणी परत आल्या, याचा तक्ता बिलासोबत जोडा. तक्ता नाही तर बिल नाही. ठेकेदार सगळं विसरेल, बिल विसरणार नाही. आणि हे जीआरने नको, विधानसभेत कायदा करून. जीआरचं काय होतं ते आपण पाहिलंय, आणि सहीचं काय होतं ते मी इथे पाहिलंय.

काल रात्री मामेबहिणीचा फोन आला होता. एजन्सी पुन्हा बदलतेय. नवीन एजन्सीने फॉर्म दिलाय, त्याचा फोटो तिने पाठवला. नाव, आधार, बँक खातं, शिक्षण. खाली एक ओळ, 'वैवाहिक स्थिती व अपत्यांची संख्या (माहिती अनिवार्य)'.

'ताई, ते रिकामं सोडू का गं?' तिने विचारलं.

काय सांगू? भर म्हटलं. उद्या फॉर्म द्यायची शेवटची तारीख होती.