आते गाय आणि तिचे भक्त

आज 21 मे 2025. फिलिपिनो नटी आणि गायिका नोरा औनोर असती तर आज 72 वर्षांची झाली असती. गेल्या महिन्यात, 16 एप्रिलला ती गेली, आणि तेव्हापासून ही पोस्ट अर्धवट पडून आहे. नाईट ड्युट्या काही लिहू देत नाहीत.

तुमच्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसेल. कुवेतला नर्स म्हणून येईपर्यंत मीही ऐकलं नव्हतं. माझी रूममेट फिलिपिनो, वयाने माझ्याहून बरीच मोठी. तिच्या कपाटाच्या दारावर आतून मेरीमातेची तसबीर चिकटवलेली, आणि शेजारी एका ठेंगण्या, सावळ्या, मोठ्या डोळ्यांच्या बाईचा फोटो. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "ही तुझी आई का?" तर ही पोट धरून हसली. म्हणाली, "आमची आते गाय."

हसू नका. 'आते' म्हणजे त्यांच्याकडे ताई, आणि 'गाय' हे टोपणनाव. मी मात्र तेव्हा आते, आत्या आणि गोठा यांच्यात अडकले होते. मी रूममेटलाही आतेच म्हणते, म्हणून खाली आते म्हटलं की ती ही, आणि नोरा म्हटलं की ती.

पण माझा तो प्रश्न चुकीचा असला तरी मूर्खपणाचा नव्हता, असं आता वाटतं. हा चेहरा कुणाच्याही आईचा, मावशीचा, घरकामाला येणाऱ्या बाईचा असू शकला असता. 1960 च्या दशकात मनिलाच्या स्टुडिओंना लागायचे ते गोरे, उंच, स्पॅनिश नाहीतर अमेरिकन रक्ताची छटा असलेले चेहरे. तिथल्या दुकानांत आजही गोरं करणाऱ्या पपईच्या साबणाच्या वड्या रचलेल्या असतात, आणि आते दर सुट्टीहून परतताना त्या डझनाने आणते. (आपण नाकं मुरडायचं कारण नाही. आपली ट्यूबही गुलाबी होती.) त्या जगात ही मुलगी शिरली ती गाण्याच्या जोरावर.

बिकोल प्रांतातलं इरिगा हे तिचं गाव. मूळ नाव नोरा विलामायोर. घरची गरिबी, आणि ही पोर रेल्वे स्टेशनवर गाडीतल्या लोकांना पाणी विकायची. 1967 मध्ये, चौदाव्या वर्षी, 'तावाग नांग तांघालान' या देशभर गाजणाऱ्या गाण्याच्या स्पर्धेत ती पहिली आली. त्याच वर्षी सांपागिता पिक्चर्सने तिला करारात घेतलं. सांपागिता म्हणजे आपला मोगरा. मोगऱ्याने तिला आधी नायिकेच्या मागेपुढे वावरणारी कामं दिली. पण रेकॉर्डी इतक्या खपू लागल्या आणि स्टुडिओबाहेर पोरी अशा जमू लागल्या, की मालकांना गोरेपणाचा हिशेब गुंडाळून ठेवावा लागला.

मग तिची आणि नट तिर्सो क्रूझची जोडी जमली, 'गाय आणि पिप'. तिर्सोने तिला एक बाहुली दिली, मारिया लिओनोरा तेरेसा. चाहत्यांनी त्या बाहुलीलाच या दोघांचं लेकरू मानलं. बाहुलीचे लाड झाले. आतेची आई त्यातलीच. ती दुसऱ्यांच्या घरी कपडे धुवायची आणि मिळालेल्या पैशांतून नोराचे फोटो असलेली मासिकं घ्यायची. अशा प्रेक्षकांना तिथले शिकलेले लोक 'बाक्या' म्हणायचे. बाक्या म्हणजे पायातल्या लाकडी खडावा. खडावा खटखटवत थेटरात येणारे, म्हणजे अडाणी, असा त्यातला टोमणा. आपल्याकडे 'पिटातला प्रेक्षक' म्हणताना जो सूर लागतो, तोच.

इथवरची गोष्ट कुठल्याही देशातल्या कुठल्याही सुपरस्टारची असू शकते. मला सांगायचं आहे ते यापुढचं. त्या बाक्यावाल्या बायांच्या पैशांवर मोठी झाल्यावर नोराने काय केलं? स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि त्या पैशातून असे सिनेमे काढले, ज्यांना दुसरं कुणी हात लावला नसता. 1976 चा, मारियो ओ'हाराने दिग्दर्शित केलेला 'तातलोंग ताओंग वालांग दियोस' घ्या. नावाचा अर्थ, देव नसलेली तीन वर्षं. काळ दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी ताब्याचा. गावातल्या शिक्षिकेवर जपानी सैन्यातला एक अधिकारी बलात्कार करतो, आणि पुढे ती त्याच्याच सोबत राहते. जिच्या बाहुलीचे लाड झाले, त्या नायिकेने हे करावं! स्टारडम सांभाळायचं म्हणून सल्ला देणाऱ्यांनी कपाळाला हात लावले असतील.

आणि 1980 चा 'बोना'. दिग्दर्शक लिनो ब्रोका, पैसा नोराच्याच संस्थेचा. सिनेमा सुरू होतो तो मनिलातल्या कियापोच्या ब्लॅक नाझरीनच्या मिरवणुकीने. येशूच्या काळ्या मूर्तीला हात लागावा म्हणून एकमेकांच्या अंगाखांद्यावर चढणारी माणसं. त्या गर्दीतून कॅमेरा येतो बोनाकडे. बरी खातीपिती, शाळकरी मुलगी. सिनेमात फुटकळ कामं करणाऱ्या गार्दो नावाच्या नटावर ती लुब्ध होते, घर सोडते, झोपडपट्टीत त्याच्याकडे येऊन राहते. बायको म्हणून नाही, प्रेयसी म्हणूनही धड नाही. त्याचं पाणी भरते, जेवण करते, त्याने आणलेल्या बायका निमूट बघते, आणि रोज त्याच्या आंघोळीचं पाणी तापवते. शेवटी तो सहज सांगून टाकतो की आपण दुसऱ्या बाईबरोबर अमेरिकेला चाललो, तू आता घरी जा. त्या दिवशीही बोना पाणी तापवते. उकळी येईपर्यंत. आणि ते त्याच्या अंगावर ओतते.

भाजलेल्यांच्या वॉर्डात मी दोन वर्षं काढली आहेत. तो शेवट मी रजईतून एक डोळा बाहेर काढून बघितला.

देशातली सर्वांत जास्त पुजली जाणारी नटी स्वतःच्या खर्चाने सिनेमा काढते, त्यात ती चाहत्याचं काम करते, आणि त्या भक्तीतून काय निपजतं ते शेवटापर्यंत नेऊन दाखवते. असं धाडस आपल्याकडच्या कुठल्या सुपरस्टारने केलेलं मला आठवत नाही. चाहत्यांना सगळे 'देव' म्हणतात, पाया पडतात, तुमच्यामुळेच मी, म्हणतात. पण त्या पाया पडण्यात मालकी असते, भूक असते, आणि कधीतरी ती उकळते, हे सांगणार कोण? गेल्या वर्षी 'बोना'ची डागडुजी केलेली नवी प्रत कान चित्रपट महोत्सवाच्या क्लासिक्स विभागात दाखवली, तेव्हा आतेने वॉर्डातल्या सगळ्यांना बातमी फॉरवर्ड केली होती. आमच्या इजिप्शियन डॉक्टरांनाही.

इथे स्मिता पाटीलची आठवण येणार हे मला माहीत आहे. सावळा चेहरा, डोळे, 1982 चा 'उंबरठा', सगळं जुळतं. मलाही मोह झाला होता. पण दोघींचे रस्ते उलटे. स्मिता समांतर सिनेमातून आली आणि मग लोकांत गेली. नोरा आधी लोकांची होती, अगदी बाहुलीसकट, आणि त्या लोकांचा हात धरून तिने त्यांना 'बोना'पर्यंत नेलं. सगळे आले नाहीत, पण आतेची आई आली होती.

1982 मध्येच 'हिमाला' आला. नाव ऐकून मला वाटलं होतं बर्फ असेल. निघाला दुष्काळ. हिमाला म्हणजे चमत्कार. दिग्दर्शक इश्माएल बेर्नाल, पटकथा रिकी ली यांची. गंमत बघा, ली राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या मार्शल लॉच्या काळात तुरुंगात जाऊन आलेले, आणि सिनेमाला पैसा देणारी सरकारी संस्था त्याच मार्कोस यांच्या मुलीच्या हाताखालची. अशा गाठी कशा बसतात देव जाणे. कुपांग नावाच्या सुकलेल्या गावात एल्सा नावाच्या मुलीला ग्रहणाच्या वेळी मेरीमाता दिसते. मग ती हात लावून आजार बरे करू लागते. गाड्या भरून माणसं येतात. पाण्याच्या बाटल्या, तसबिरी, खाणावळी, वेश्यावस्ती, सगळं एका पाठोपाठ एक उभं राहतं. गोष्टीला आधार होता तो काब्रा बेटावर 1960 च्या दशकात मेरीमाता दिसल्याचं सांगणाऱ्या मुलींचा.

मला हा सिनेमा परका वाटलाच नाही. माझं आजोळ सावंतवाडीजवळ. तिथे वाडीतल्या एका बाईच्या अंगात यायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी माणसं गाऱ्हाणी घेऊन ओसरीवर बसायची. म्हैस हरवली, मुलीचं जमत नाही, मुंबईतला मुलगा पैसे पाठवत नाही. एरवी ती बाई कोपऱ्यात बसून काजू फोडायची, तिच्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. एक दिवस तिने सांगितलं की आता येत नाही. मी लहान होते, पण लोक तिच्यावर किती चिडले ते अजून डोळ्यांसमोर आहे. जणू तिने त्यांचं काही चोरलं होतं.

'हिमाला'चा शेवट तोच आहे, फक्त हजारपट मोठा. एल्सावर आणि तिच्या मैत्रिणीवर अत्याचार झालेला, मैत्रिणीने जीव दिलेला, एल्साला दिवस गेलेले, आणि लोकांना तो आणखी एक चमत्कार वाटतो. माळावर हजारोंची गर्दी जमवून ती माइकवर सांगते, "वालांग हिमाला!" चमत्कार नाहीच. चमत्कार माणसांच्या मनात असतो, शापही आपणच घडवतो आणि देवही आपणच. गर्दीतून गोळी सुटते. नोरा त्या सगळ्या भाषणात हात क्वचितच हलवते. आवाज चढतो तोही रडका होत नाही. ठेंगणी बाई, मागे वाळूचं रान, आणि डोळे. 1983 मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत हा सिनेमा होता. तिथवर पोचलेला पहिला फिलिपिनो सिनेमा. बक्षीस मिळालं नाही. 2008 मध्ये सीएनएनच्या प्रेक्षकांनी आशिया-पॅसिफिकमधला सर्वकालीन उत्तम सिनेमा म्हणून यालाच मतं दिली.

बाकीचं भराभर सांगते, कारण दीडशेच्या वर सिनेमे आहेत आणि माझी ड्युटी सातला आहे. आम्हा नर्सांसाठी तिने दोन सिनेमे करून ठेवलेत. 1976 चा 'मिन्साय इसांग गामुगामो', ज्यात अमेरिकन तळाजवळ राहणारी नर्स अमेरिकेला जायच्या तयारीत असते आणि तळावरचा सैनिक तिच्या भावाला गोळी घालून वर सांगतो की रानडुक्कर समजलो. आणि 1984 चा 'मेरिका', न्यू जर्सीतली एकटी नर्स. तो मी एका बैठकीत बघू शकले नाही. 1995 मध्ये सिंगापूरला फ्लोर कोंतेम्प्लासियोन या मोलकरणीला फाशी झाली आणि सगळा देश पेटला. त्याच वर्षी नोराने सिनेमात तिची भूमिका केली आणि कैरोच्या महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक घेतलं. परदेशी राबणाऱ्या बाईला आपलं कुणी आहे का, हा प्रश्न इथे कुवेतमध्ये कुठल्याही बसस्टॉपवर विचारून बघा.

आता मला ज्याचा राग आहे ते. 2005 मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर अमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपावरून तिला अटक झाली. उपचाराचा कार्यक्रम पुरा केल्यावर प्रकरण मिटलं. 2010 च्या सुमारास जपानमध्ये झालेल्या सौंदर्योपचारानंतर गाण्याचा आवाज गेला. (नर्स म्हणून लोक मला यावर खोदून विचारतात. केसपेपर माझ्यासमोर नाही, मी बोलणार नाही.) 2011 मध्ये ती मायदेशी परतली, आणि 2012 च्या 'दाय वूम' मध्ये तावीतावीच्या समुद्रावरची वांझ सुईण झाली, जी नवऱ्यासाठी दुसरी बायको शोधत फिरते. व्हेनिसला समीक्षकांनी गौरव केला, पुढच्या वर्षी एशियन फिल्म अवॉर्डही मिळालं. आणि 2014 मध्ये 'राष्ट्रीय कलाकार' या सन्मानाच्या यादीतून राष्ट्राध्यक्ष आकिनो यांनी तिचं नाव गाळलं. कारण दिलं जुन्या अमली पदार्थ प्रकरणाचं. 2018 च्या यादीतही ती नव्हती. अखेर 2022 मध्ये सही झाली ती तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांची, ज्यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत हजारो माणसं मारली गेली!

ती संत नव्हती. 1986 च्या निवडणुकीत तिने मार्कोसचा प्रचार केला होता, आणि आतेच्या वडिलांनी ते कधीच माफ केलं नाही. पण सन्मान कामाचा असेल तर काम बघा ना. बाईला मखरात बसवायचं असलं की तिच्या चारित्र्याचा दाखला मागायचा, ही खोड सगळ्या देशांत सारखीच दिसते. एल्साच्या गावानेही तेच केलं होतं.

नोरा गेली तो ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला बुधवार होता. 22 एप्रिलला लिबिंगान नांग मांगा बायानी या वीरांच्या दफनभूमीत तिला लष्करी मानवंदना दिली. आते मेडिकल वॉर्डाच्या पॅन्ट्रीत फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ते बघत होती. नोराची प्रतिस्पर्धी नटी विल्मा सांतोस याच महिन्यात पुन्हा गव्हर्नर म्हणून निवडून आली. ती बातमी आतेने ओठ मुडपून वाचली. पन्नास वर्षांचं भांडण असं मिटत नाही.

आमचं एक भांडणही मिटलेलं नाही. आते म्हणते, एल्साला पहिल्या वेळी मेरीमाता खरोखर दिसली होती, नोराचे डोळे बघ. मी म्हणते, तीच तर सांगते की नव्हती. आते म्हणते, ती लोकांना वाचवायला खोटं बोलते. आतापर्यंत तीनदा बघून झाला. या शुक्रवारी दोघींना सुट्टी आहे, चौथ्यांदा लावणार आहोत. जेवायला 'बिकोल एक्स्प्रेस', नारळाच्या दुधात भरपूर मिरच्या घातलेलं, इरिगावरून जाणाऱ्या त्या गाडीचंच नाव असलेलं. इथे डुकराचं मटण मिळत नाही, म्हणून चिकनचं. नारळ फोडायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे.