नमाजी मुलाला नैराश्य येत नाही म्हणे

“पाच वक्त नमाज पढणाऱ्याला नैराश्य शिवत नाही, गोळ्या कच्च्या ईमानाच्या लोकांसाठी असतात” असा एक संदेश दाभोळ-राजापूरच्या मोहल्ल्यांपासून आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांपर्यंत फिरतो आहे. त्यातले खरे आधी मान्य करतो. अल्लाहच्या जिक्रने, म्हणजे स्मरणाने, अंतःकरणे शांत होतात, असे कुरआनच्या 13 व्या सूरेत आहे, आणि फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजला, उठून जमातीत खांद्याला खांदा लावून उभे राहिले की एकट्या पडलेल्या तरुणाला धीर येतो, हे मीही अनुभवले आहे. मात्र धीर येणे वेगळे आणि आजारच न होणे वेगळे.

दुःख म्हणजे ईमानातली उणीव, असे धरले तर मुलाच्या, यूसुफच्या, विरहात रडून हजरत याकूब यांचे डोळे पांढरे पडले, त्याचे काय? शोक आणि आजार एक नव्हेत, हे कबूल. पण हा फरकही आपल्याच परंपरेत जुना आहे. 934 साली वारलेल्या अबू जैद अल-बल्खी या मुस्लिम विद्वानांनी कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारणाविना येणारे दुःख वेगळे काढले व दुसऱ्याचे मूळ शरीरात शोधले.

औषधाने तवक्कुल, म्हणजे अल्लाहवरचा भरवसा, मोडतो म्हणणाऱ्यांनी बुखारी या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, वाचावी : अल्लाहने उतरवलेल्या प्रत्येक आजारावर इलाजही उतरवला आहे.

या संदेशाचा खरा धोका मी आमच्या मशिदीच्या हौदावर पाहिला. बारावीतला एक मुलगा वजू, म्हणजे नमाजआधीची हातपाय-तोंड धुण्याची शुद्धी, करताना कोपरापर्यंतचे हात पुन्हा पुन्हा धूत राही. इकामत, म्हणजे नमाज उभी राहिल्याची हाक, होऊन नमाजची पहिली रकात (फेरी) निघून जाई, तरी त्याचा नळ चालूच, आणि बोटांच्या पेरांची कातडी फाटलेली. लोक त्याला परहेजगार समजत. हा वस्वसा, म्हणजे पाठ न सोडणारी शंका, होता, ज्याला डॉक्टर मंत्रचळ म्हणतात, आणि त्याला “अजून इबादत कर” असे सांगणे म्हणजे आगीत तेल ओतणे होते. रत्नागिरीला उपचार सुरू झाल्यावर तीनदाच हात धुवून उठायचे, शंका आली तरी परतायचे नाही, असे त्याला शिकवले गेले. फिक्हचे, म्हणजे धार्मिक नियमांचे, जाणकारही वस्वशावर नेमके हेच सांगतात.

रोज्याबाबतही तेच. लिथियम हे मनाच्या तीव्र चढउतारांवरचे औषध घेणाऱ्याच्या अंगातले पाणी कमी झाले, तर रक्तातले औषध धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. आजाऱ्याने रोजा नंतर धरावा, ही सवलत दुसऱ्या सूरेत स्पष्ट आहे. तेव्हा डॉक्टरांना रमजानच्या आधीच विचारावे, चौथ्या रोज्याला नव्हे.